अडीच बाय तीन

ह्यांनी चपलेच्या टाचेने संडास पुसून टाकला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. वेळ पक्की लक्षात आहे, कारण त्या क्षणी मी शेडमधल्या घड्याळाकडे बघितलं. ह्यांच्याकडे बघितलं असतं तर तोंडातून काय बाहेर पडलं असतं सांगता येत नाही, आणि समोर परका माणूस उभा होता.

संडास खडूचा होता. दस्तगीर मिस्त्रींची शेड कोल्हापूरच्या बाहेर महामार्गाला लागून होती. बस-ट्रकच्या बॉड्या बांधायचं त्यांचं काम, आणि त्यांची एक पद्धत होती. कागदावरच्या नकाशावर त्यांचा भरवसा नव्हता. जी गाडी बांधायची ती शेडच्या कोब्यावर मूळ मापात खडूने आखायची आणि गिऱ्हाइकाला आत चालायला लावायचं. दार जिथं आखलंय तिथूनच शिरायचं. पलंग आखलाय तिथं खरंच आडवं होऊन बघायचं. कुणी रेषेवरून पाय टाकला की मिस्त्री बसल्या जागेवरून म्हणायचे, "साहेब, भिंतीतून गेलात."

त्या दिवशी कोब्यावर दोन गाड्या शेजारी-शेजारी आखल्या होत्या. डावीकडे पेट्रोलची आखूड व्हॅन, उजवीकडे डिझेलची लांब मिनीबस. दोन्हींच्या मागच्या कोपऱ्यात अडीच फूट बाय तीन फुटांचा एकेक चौकोन होता. त्यातला डावीकडचा ह्यांनी आत्ता पुसला होता.

"पेट्रोलचं इंजिन एवढं वजन ओढणार नाही, मिस्त्री," हे म्हणाले. "संडास म्हटला की वर पाण्याची टाकी आली, खाली घाणीची टाकी आली. कशाला ते लचांड? इथं फ्रीज बसवू."

"आणि वहिनींचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"तिला काही लागत नाही. पडद्याचा रंग तेवढा विचारा."

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगायला पाहिजे. आम्ही जयसिंगपूरचे. हे साखर कारखान्यात चौतीस वर्षं, मिल हाऊसला. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, एकोणतीस वर्षं. दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो आणि ह्यांच्या डोक्यात फिरत्या घराचं खूळ शिरलं. आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, कांदा-बटाटा चालत नाही, पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. शिखरजीची यात्रा करायची तर वाटेत खायचे हाल. गाडीतच स्वयंपाक झाला, गाडीतच झोपलो, की कुणाच्या दारात जायला नको, असं ह्यांचं म्हणणं. मी महिनाभर नाही म्हणत होते. मग एके दिवशी हे म्हणाले, "अगं, अशा गाडीत संडास-बाथरूम असतं. तुझ्यासाठी करून घेऊ." त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं. दुसरं काहीही कारण नव्हतं. यात्रा मी घरातही करते.

ज्यांना कळत नसेल त्यांच्यासाठी सांगते. नोकरीत मला जीप होती. ड्रायव्हर पुरुष, रस्ता उघडा, दोन्ही बाजूला ऊस असला तर उसात माणसं. सकाळी सातला घोटभर चहा, त्यानंतर परत घरी येईपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. गावात अंगणवाडीला संडास असला तर त्याला कुलूप, आणि किल्ली सरपंचाच्या घरी. सरपंचाच्या ओसरीवर दहा माणसं बसलेली. त्यांच्यासमोर जाऊन किल्ली मागायची? दोनदा इन्फेक्शन होऊन दवाखान्यात पडले. डॉक्टर विचारायचे, बाई, शिकल्या-सवरलेल्या तुम्ही, पाणी का पीत नाही? मी म्हणायचे, लक्षात राहत नाही हो.

तर गाडी ठरली, आणि लगेच डिझेल का पेट्रोल सुरू झालं. आठ महिने. हे पेट्रोलवाले. चौतीस वर्षं मिलचा खडखडाट ऐकून ह्यांचे कान विटले होते. डिझेलची घरघर उशाशी नको, म्हातारपणी शांतता पाहिजे, हा एकच हेका. धाकटे दीर बाबगोंडा भाऊजी डिझेलवाले. त्यांचे उसाचे ट्रक. घाट चढायला जोर लागतो, तो पेट्रोलच्या बापाला जमणार नाही, असं ते पानाची पिंक टाकून सांगायचे. दोघांनी वह्या भरल्या, फोन केले, लोकांच्या गाड्यांखाली वाकून बघितलं. जेवताना डिझेल, पूजेवरून उठले की पेट्रोल. एकदा चिडून ताटावरून उठले दोघं. आणि ह्या आठ महिन्यांत, खरं सांगते, एकाही माणसाने मला विचारलं नाही की बाई, तुला काय पाहिजे. मी आपली भाकरी थापत होते आणि मनात म्हणत होते, कुठलंही इंजिन लावा मेल्यांनो, माझा चौकोन सोडा.

म्हणून त्या सकाळी डावीकडचा चौकोन गेला तेव्हा मी उजवीकडे बघितलं. डिझेलच्या गाडीतला शाबूत होता. मला वाटलं, चला, भाऊजी तरी जिंकू देत.

भाऊजी म्हणाले, "म्हणून म्हणतोय दादा, डिझेल घे. वजनाचा प्रश्नच न्हाई. चार टाक्या बसव." असं म्हणून ते रुबाबात उजव्या गाडीच्या दारातून आत शिरले, मागच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि थबकले. "पर ह्ये हितंबी नको. बघ की. हितं चूल. ह्या फळीवर बाहुबली स्वामींचा फोटो. आणि मधी संडास? सोवळ्यात बसतंय व्हय?"

"ते माझ्याही मनात होतंच," हे म्हणाले.

"मग? हितं माझी झोपायची फळी टाका. मी येणारच हाय संगट, घाटात गाडी कोण चालवणार?"

आणि भाऊजींनी कोल्हापुरी चपलेने उजवा चौकोनही पुसला. आठ महिन्यांत दोघा भावांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं.

"वाटेत मी काय करायचं?" मी विचारलं.

"वाटेत पंप असतात की वैनी. ढाबं असत्यात," भाऊजी म्हणाले. "न्हाईतर थांबवायची गाडी. झाडाझुडपाला काय तोटा?"

"आणि तू कुठं कधी थांबवायला सांगतेस?" हे हसून म्हणाले. मिस्त्रींकडे वळून कौतुकाने सांगायला लागले, "तीस-बत्तीस वर्षांचा संसार. एकदासुद्धा गाडी थांबवा म्हणाली नाही. असं माणूस प्रवासाला बरं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. पोटऱ्यांतून वर येताना जाणवली. मी खुर्चीवरून उठले. डिझेलच्या गाडीचं दार जिथं आखलं होतं तिथून आत गेले, चुलीशेजारून मागच्या कोपऱ्यात गेले आणि जिथं चौकोन पुसला होता तिथं कोब्यावर पदर खोचून मांडी घातली.

"विमल, काय चाललंय? ऊठ. साडी खराब होईल."

"फॉर्म माझ्या पर्समध्ये आहे," मी म्हणाले.

ते दोघांच्याही लक्षात यायला थोडा वेळ लागला. गाडी माझ्या नावावर घ्यायची, असं ह्यांनीच मोठेपणाने सगळ्या पाहुण्यांत सांगून टाकलं होतं. नुसती चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांचा सांगाडा, मागवायचा फॉर्म होता, त्यावर डिझेल की पेट्रोल ह्याची खूण करून माझी सही लागणार होती. तो आज द्यायचा होता.

"मी सही करते," मी म्हणाले. "तुम्ही म्हणाल त्या रकान्यात खूण करते. फक्त एक करायचं. इथून धारवाडला पूर्वी जीपनं किती वेळ लागायचा?"

"चार-साडेचार तास," भाऊजी म्हणाले. "रस्ता तवा एकेरी हुता."

"मी साडेतीनच धरते. दोघांनी ह्या गाडीत येऊन बसायचं. पुढच्या सीटवर बसा, पलंगावर लोळा, डिझेल-पेट्रोल करा. आधी प्रत्येकी दोन तांबे पाणी प्यायचं. साडेतीन तास गाडीच्या बाहेर जायचं नाही. गेलात तर मी सांगेन ती गाडी. नाही गेलात तर तुम्ही सांगाल ती, आणि संडासाचं नावसुद्धा मी परत काढणार नाही."

"आणि तू?"

"मी पण बसते. पण पाणी नाही पिणार. मला न पिण्याची सवय आहे."

भाऊजी मोठ्यांदा हसले. "एवढंच? आण म्हणावं पाणी."

मिस्त्रींनी स्वतः माठातून तांबे भरून आणले. मी पर्समधलं गाळण्याचं फडकं काढून दिलं, नेम मोडायला नको. ह्यांनी आणि भाऊजींनी दोन-दोन तांबे पाणी पिऊन मिशा पुसल्या. अकराला दहा मिनिटं होती. मिस्त्री घड्याळाखाली स्टूल घेऊन बसले. त्यांचं पत्रे कापायचं काम पडलं होतं, तरी बसले.

पहिला तास मजेत गेला. डिझेलचं सिलेंडर किती वर्षं टिकतं ह्यावर बोलणं झालं. पेट्रोल थंडीत कसं पटकन सुरू होतं, घाट उतरताना इंजिनचा ब्रेक कुठला चांगला लागतो. मधे मिस्त्रींनी चहा मागवला. मी म्हणाले, द्या, द्या, कपभर जास्तच द्या. भाऊजींनी बशीत ओतून फुर्र करून घेतला. ह्यांनी बिनसाखरेचा घेतला. ह्यांना साखरेचा आजार आहे, आणि तो ज्याला आहे त्याला मी काय करत होते ते कळेल. मी मुद्दाम करत होते. आज इतक्या वर्षांनी त्याची लाज वाटते का, तर नाही वाटत.

बाराच्या सुमाराला बोलणं विरळ झालं. भाऊजी उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. हे एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होते. डिझेलचं नाव कुणी काढेना.

बारा वाजून दहा मिनिटांनी भाऊजी म्हणाले, "वैनी, म्या जरा मागं जाऊन येतो."

"कुठं मागं?"

"शेडच्या मागं. भिंत हाय तिथं."

"भाऊजी, आपण निपाणीच्या पुढं आहोत. दोन्ही बाजूला तंबाखूची रानं. रानात बाया खुडणी करतायत. रस्त्यावर ट्रक उभे."

"म्हणून काय झालं? आम्हा गड्यांना काय हाय त्यात? पाठ फिरवली की झालं."

"ते झालंच. पण तुम्ही आत्ता मी आहात. मी कुणाकडं पाठ फिरवू?"

भाऊजींच्या कपाळावर घाम आला होता. मग त्यांच्याने धीर धरवेना. दार सोडून सरळ बाजूच्या रेषेवरूनच ते पळत सुटले.

"भाऊ, भिंतीतून गेलात," मिस्त्री म्हणाले.

भाऊजी आले ते लांब शेडच्या दारात उभे राहिले. आत काही आले नाहीत. ह्यांचं मात्र वेगळं. हे हट्टी माणूस. हे ड्रायव्हरच्या सीटच्या जागी ठेवलेल्या लाकडी खोक्यावर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ आवळलेले. साडेबारा झाले. पाऊण झाला. ह्यांचा चेहरा काळवंडत चालला होता आणि राग डोळ्यांत उतरला होता.

"झालं का तुझं नाटक?" हे एकदम म्हणाले. "लोकांत शोभा करून झाली ना? अगं, तुला एवढा त्रास होत होता तर तोंड होतं की. बत्तीस वर्षांत एकदा तरी बोललीस? एकदा तरी म्हणालीस, अहो, थांबवा? आम्हाला काय स्वप्न पडतं का?"

मी हे कधीच कुणाला सांगणार नव्हते. सांगायचं नाही असं ठरवून तेवीस वर्षं गेली होती. पण तो प्रश्न ऐकला आणि मी म्हणाले, "एकदा म्हणायला पाहिजे होतं. अप्पा गेले त्या दिवशी."

अप्पा म्हणजे माझे वडील. माहेर माझं धारवाडच्या पुढच्या खेड्यात. सकाळी तार आली तशी आम्ही भाऊजींच्या जीपनं निघालो होतो. पुढं भाऊजी आणि सासरे, मागं हे आणि मी. बाईमाणूस मी एकटी.

"त्या दिवशी तुम्ही निपाणीच्या पुढं जीप थांबवली," मी सांगायला लागले. "तिघंही उतरलात. मी जीपमध्ये बसून दुसऱ्या बाजूच्या रानाकडं बघत बसले. मग कित्तूरला थांबवलीत. परत तिघं उतरलात. मामंजी परत येऊन म्हणाले, पोरीला पाणी द्या, रडून रडून घसा सुकला असेल. त्यांनी स्वतः तांब्या पुढं केला. सासऱ्यांनी दिलेलं पाणी नको कसं म्हणू? प्याले. पुढं तासभर मी दात आवळून बसले होते. जीप खड्ड्यात आदळली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. तुम्ही माझा हात धरला होतात. तुम्हाला वाटलं मी अप्पांसाठी थरथरतेय."

"विमल," हे म्हणाले.

"ऐका. विचारलंत ना, तोंड होतं की म्हणून? सासरा पुढं बसलेला, दीर जीप चालवतोय, बाप मेलेला. त्यात मी सांगायचं, मला लघवीला जायचंय? घरापाशी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. सगळे माझ्यासाठीच थांबले होते. सूर्य बुडायच्या आत उचलायला पाहिजे. मी जीपमधून उतरले आणि पुढच्या दारानं गेलेच नाही. बोळातून परसात धावले. परसाच्या टोकाला संडास होता, त्यात शिरले. आत असतानाच णमोकार मंत्र ऐकायला आला. मला वाटलं नुसता म्हणतायत, अजून उचललं नसेल. पुढच्या दारी आले तर तिरडी गल्लीच्या वळणावर. माणसांच्या पाठी दिसल्या आणि पांढऱ्या कापडाचं टोक दिसलं. मी धावले तर बायकांनी धरलं, बाईमाणसानं पुढं जायचं नसतं. अप्पांचं तोंड मी बघितलं नाही."

 

"तुला बघवलं नसतं," हे हळू म्हणाले. "मी सगळ्यांना तेच सांगितलं. अजून सांगतो."

"माहीत आहे. तुम्ही काय सांगितलंत ते मला वहिनीनं चौथ्या दिवशी सांगितलं. माझा भाऊ विचारत होता, अक्का आली का, जीप तर आली, तिला तोंड दाखवू दे. आणि तुम्ही म्हणालात, आली, पण तिला बघवायचं नाही, उचला."

ह्यांनी मान खाली घातली.

"उचला म्हणालात तुम्ही. मी पन्नास पावलांवर होते. कुणाला तरी म्हणायचं होतं, बघा ती कुठं गेली, दोन मिनिटं थांबा. तुम्हाला माहीत नव्हतं, मान्य आहे. पण माहीत नव्हतं तर उत्तर कशाला दिलंत? तुम्ही नेहमी देता. तिला बघवायचं नाही. तिला काही लागत नाही. तिला पडद्याचा रंग विचारा. माहेरी अजून म्हणतात, पोरगी आली आणि बापाच्या तोंडाकडं न बघता परसात जाऊन बसली. तेवीस वर्षं मी ते ऐकून घेतलं. कारण खरं काय सांगू? संडासात होते म्हणून सांगू?"

माझा आवाज चढला होता. शेडबाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती, त्यांनाही ऐकू गेलं असणार. जाऊ दे म्हटलं. दारातल्या भाऊजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. जीप त्यांनी चालवली होती. दोन्ही ठिकाणी त्यांनीच थांबवली होती.

हे खोक्यावर बसून होते. पायाचा अंगठा कोब्यावर दाबून धरला होता.  मग मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि अगदी लहान आवाजात विचारलं, "विमल, मी जाऊ का?"

बत्तीस वर्षांत त्या माणसाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, ज्याचं उत्तर त्याने स्वतःच देऊन टाकलं नव्हतं. मी घड्याळाकडे बघितलं. एक वाजून चार मिनिटं झाली होती. पूर्ण एक मिनिट मी त्यांना बसवून ठेवलं, आणि ते बसले.

"जा," मी म्हणाले.

ते उठले. वाकूनच चालत होते. पण मधल्या वाटेने गेले, दाराशी आले, आणि जिथं दार आखलं होतं तिथूनच बाहेर पडले.

परत यायला बराच वेळ लागला. तोंड धुऊन आले होते, सदऱ्याची छाती ओली होती.  मिस्त्रींच्या पुढं हात केला. मिस्त्रींनी खडू दिला, मोजपट्टी दिली. ह्यांचे गुडघे कारखान्यातच गेलेत, खाली बसायला भिंत लागते. तरी हे दारातून आत आले, माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले आणि मी बसले होते त्याच्याभोवती रेघ ओढायला लागले. अडीच फूट. मग तीन फूट. एक रेघ वाकडी गेली, ती पुसून परत ओढली.

"अर्धा फूट वाढवा साहेब," मिस्त्री म्हणाले. "बाईमाणसाला आत वळायला जागा पाहिजे. चूल पुढं घेऊ, फोटो पार पुढं ड्रायव्हरच्या डोक्यावर लावू."

"वाढवा," हे म्हणाले.

"आणि भाऊंची झोपायची फळी?"

दारातून भाऊजी म्हणाले, "मी न्हाई येत. मला काय काम हाय तिथं."

"म्हणजे गाडी कुठली मिस्त्री?" ह्यांनी विचारलं, आणि उत्तर ह्यांना माहीत होतं. एवढ्या टाक्या, एवढी लांबी, पेट्रोलच्या व्हॅनमध्ये बसणारच नव्हती.

"डिझेल," मिस्त्री म्हणाले. "आवाज करणार थोडा."

मी पर्समधून फॉर्म काढला. चौकोनात बसूनच, मांडीवर पर्स ठेवून डिझेलच्या रकान्यात खूण केली आणि सही केली. नाव पूर्ण लिहिलं, विमल भूपाल मगदूम, आणि कंसात माहेरचं आडनावही लिहिलं. तशी गरज नव्हती.

लोक विचारतात, मग राग गेला का? राग कशाला जाईल. परत येताना जयसिंगपूरपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. त्यानंतरही कितीतरी दिवस ताट वाढून समोर ठेवायचे आणि आत निघून जायचे. हे एकदा म्हणाले, मी तुझ्या भावाला पत्र लिहितो, खरं काय ते सांगतो. मी म्हणाले, नको, तुम्ही माझ्या वतीने काही सांगायचं नाही, मी सांगेन. आणि मी फोन करून सांगितलं. भाऊ म्हणाला, अक्का, आम्ही थांबलो असतो गं.

गाडी पाच महिन्यांनी तयार झाली. मिस्त्रींनी चाकांखाली लिंबं ठेवली, मी नारळ फोडला. यात्रेचं सगळं सामान भरलं होतं, पण मी म्हणाले, शिखरजी नंतर. आधी धारवाड.

ह्यांनी चालवायला घेतली. गाडीचा आवाज व्हायचाच तो झाला. कागलच्या पुढं चढाला लागलो तशी सगळी भांडी खडखडायला लागली. हे कपाळाला आठ्या घालून चालवत होते, पण डिझेलबद्दल एक अक्षर काढलं नाही. निपाणी मागं पडली. दोन्ही बाजूला तंबाखूची रानं लागली, बाया खुडणी करत होत्या.

"थांबवू का?" ह्यांनी आरशातून बघत विचारलं.

"कशाला?"

"नाही, विचारलं आपलं."

"चालू द्या," मी म्हणाले. गाळलेल्या पाण्याचा तांब्या चुलीशेजारी होता. तो मी तोंडाला लावला आणि रस्त्याकडे बघत सगळा संपवला. मग उठून दुसरा भरून घेतला.